जोडी नंबर नऊ

धाकटीच्या डोक्याला करंट द्यायचं ठरलं, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो हा, की तिला दुखणार तर नाही ना? तोच करंट, तेवढाच, त्याच खोलीत मलाही द्यायचा होता. माझ्याबद्दल आईने काही विचारलं नाही. मोठीला दुखत नाही, हे आमच्या घरात फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी माझ्या बहिणीवर जळते. हे काही आज सुरू झालेलं नाही. मी चार वर्षांची असताना ती जन्मली आणि त्या दिवसापासून मी दुसरी झाले. रूप तिला मिळालं, गोड बोलणं तिला मिळालं, केस तर असे की मोकळे सोडले तर बाया वळून बघायच्या. तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत घरी आली, तर आईने तिच्यासाठी खिडकीची खोली रिकामी करून दिली. ती खोली माझी होती. माझं लग्न राहूनच गेलं. मोडायलासुद्धा आधी व्हावं लागतं. माझ्या वाट्याला एकच गोष्ट आली, ती म्हणजे स्मरणशक्ती. ती मात्र अशी आली की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी एकोणतीस वर्षं काउंटरवर बसते. गिऱ्हाईक दारातून आत शिरलं की मला आठवतं, यांचा करडा कोट, आतल्या खिशाला फाटकं अस्तर, डाव्या बाहीला शाईचा डाग, तिसरं बटण सैल. पावती हरवली म्हणून माझ्याकडून कोणी रिकाम्या हाताने परत गेलेलं नाही. मालक मला नावाने हाक मारतच नाहीत, "आमची पावती" म्हणतात. कपडा कुठल्या दांडीवर टांगलाय ते मात्र मला कधी सांगता येत नाही, ते आतल्या बाई शोधतात. जागा माझ्या लक्षात राहत नाहीत. एकोणतीस वर्षांत मी दुकानातल्या दुकानात चुकलेली आहे.

धाकटी केस कापायची. चौकातल्या पार्लरमध्ये तिची खुर्ची ठरलेली होती आणि त्या खुर्चीसाठी बाया तासतासभर थांबायच्या. मानेवर नुसता हात ठेवला तरी समोरची बाई सैल पडायची, असा तिचा हात. तीन वर्षांपूर्वी तो हात थांबला. झालं काही नव्हतं. कारण काय, कारण काय म्हणून सगळ्यांनी विचारून विचारून डोकं खाल्लं, पण कारण नव्हतंच. ती हळूहळू बोलेनाशी झाली, खाईनाशी झाली, आणि मग विसरायला लागली. एका बाईच्या डोक्याला रंग लावून तो धुवायचाच विसरली. बाईने आरडाओरडा केला, हिने कात्र्या पिशवीत भरल्या आणि घरी येऊन खिडकीकडे पाठ करून झोपली. ती दोन वर्षं झोपली असं म्हटलं तर फार मोठी थाप होणार नाही.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी रडणं थांबलं, उठणं काही सुरू झालं नाही. आई रोज तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायची. मी दुकानातून उभ्या उभ्या पाय सुजवून यायचे आणि दोघींचा चहा करायचे. मला काय वाटायचं ते सांगते. मला वाटायचं, एकदा मीही अशी पडून बघावं का? माझ्या उशाशी कोण बसेल? उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी पडले नाही.

मग तिच्या डॉक्टरांनीच त्या संशोधनाबद्दल सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई मेंदूवर काम करत होत्या. नैराश्यात माणसाची आठवण का मंदावते आणि बाहेरून अगदी थोडा करंट दिला तर ती सुधारते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांना जोड्या हव्या होत्या: सख्खी भावंडं, त्यातलं एक आजारी आणि दुसरं धडधाकट. दोघांनाही वीस बैठका. ज्या जोडीच्या वीस बैठका नीट पार पडतील, तिला पुढचे सहा महिने आणखी चाळीस. एकाने सोडलं तर जोडी बाद.

मी सरळ विचारलं की याने ती बरी होईल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माहीत नाही, तेच तर शोधतोय. शिवाय काही जोड्यांना खरा करंट मिळणार होता आणि काहींना नुसता दिखाव्याचा, आणि कोणाला कुठला ते शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं. मला ती बाई आवडली. खोटी आशा लावत नव्हती. तिथे आम्हाला नावाऐवजी नंबर मिळाला. जोडी नऊ. धाकटी 'नऊ अ', मी 'नऊ ब'. आयुष्यभर मोठी मी, आणि इथेसुद्धा ब.

खोली साधीच होती. एक मागे रेलणारी खुर्ची, एक मेज, एक गळका नळ. तिथल्या तंत्रज्ञांना आम्ही मोजणीवाले म्हणायचो. माझ्याच वयाचे, शिंप्याची टेप गळ्यात अडकवलेले. ते नाकाच्या मुळापासून मानेच्या खळगीपर्यंत डोकं मोजायचे, मग या कानापासून त्या कानापर्यंत, आणि भुवया कोरायच्या पेन्सिलीने कपाळावर खूण करायचे. मिठाच्या पाण्यात बुडवलेले दोन स्पंज, त्यावर रबरी पट्टा, की झालं. करंट सुरू झाला की मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, मिनिटभराने तेही कळायचं नाही. वीस मिनिटं बसायचं. मध्येच डॉक्टरीणबाई पंधरा शब्द वाचायच्या, आणि शेवटी आपण आठवतील तेवढे सांगायचे. शब्द घरी लिहून ठेवायचे नाहीत, घोकायचे नाहीत, असं पहिल्याच दिवशी सही करून दिलेलं होतं.

पहिल्या दिवशी धाकटीला चार आठवले. मला तेरा. मोजणीवाल्यांच्या भुवया वर गेल्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वा. लिफ्टपर्यंत मी जमिनीवर चालत नव्हते. धाकटी बिचारी मागून भिंतीला हात लावत येत होती आणि मी कधी नव्हे ती तिच्याशी फार गोड बोलले. जिंकलेलं माणूस किती प्रेमळ असतं!

खरं तर आकडे आम्हाला सांगायचे नव्हते. पण काउंटरवर बसणाऱ्याला समोरच्याचा कागद उलटा वाचता येतो. मोजणीवाले फाइल मेजावर उघडी ठेवायचे आणि मी पट्टा बांधून घेता घेता दोघींचे आकडे वाचायचे. धाकटीचे चार, पाच, पाच, सात. मग आठ. माझे तेरा, बारा, तेरा, तेरा.

ती सुधारत होती. आठवड्यातून तीन दिवस इथे यायचं म्हणून उठायला लागली, अंघोळ करायला लागली. तीन वर्षांत ती आपणहून काही बोलली नव्हती, ती एक दिवस आईला म्हणाली, "तिथे जायचं असतं ना, म्हणून मला सकाळ होते." आईने पदराने डोळे टिपले. मला बरं वाटलं, नाही असं नाही. माझीच बहीण आहे. पण बरं वाटल्याच्या मागोमाग जळणंही आलं, तेही माझंच.

आणि मग तिने त्या खोलीतल्या सगळ्यांना खिशात घातलं. सहाव्या बैठकीला मोजणीवाले माझे केस बाजूला करायला धडपडत होते, स्पंज नीट बसत नव्हता. दारात वाट बघत बसलेली धाकटी उठून आली, तिने पिशवीतून कंगवा काढला आणि दोन झटक्यांत असा भांग पाडला की स्पंज जागच्या जागी बसला. मोजणीवाले खुळ्यासारखे बघत राहिले. पुढच्या बैठकीला त्यांनी तिला शिकवायला सांगितलं. त्याच्या पुढच्या बैठकीला डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या एका जोडीसाठी तिला बोलावून घेतलं. पुढे पुढे ती आली की मोजणीवाले खुर्ची पुसायचे. मी दर वेळी तिच्याबरोबरच यायचे, माझ्यासाठी कोणी खुर्ची पुसली नाही.

दहाव्या बैठकीला मी फाइल उलटी वाचली. नऊ अ, तेरा. नऊ ब, बारा.

मी पुन्हा वाचलं. मुंग्या चावायला लागल्या होत्या, पण त्या करंटच्या नव्हत्या. रूप घे, केस घे, खोली घे, आई घे. पण ही एक वस्तू तरी माझी होती ना? वाटलं, जोडीला एकच करंट म्हणतात, पण खरा हिलाच मिळतोय आणि माझ्या डोक्याला नुसतं मीठपाणी लावून बसवतायत. त्या दिवशी मी दुकानात तीन माणसांना तोडून बोलले आणि एका बाईंना त्यांचा सदरा देताना पावती मागितली. मालक म्हणाले, आज पावतीच पावती मागते?

हे शब्द सहाच याद्यांमधून आलटून पालटून येतात, हे माझ्या लक्षात सातव्या बैठकीलाच आलं होतं. आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वीची यादी कोणाच्या डोक्यात राहणार, असा त्यांचा हिशेब. माझ्या डोक्यात पंधरापैकी बारा-तेरा राहिलेले होतेच. त्या संध्याकाळी मी दुकानातल्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे सहाही याद्या लिहून काढल्या. चार याद्या दोनदा ऐकल्यामुळे पुऱ्या झाल्या, बाकी दोन याद्यांचे उरलेसुरले शब्द अकराव्या आणि बाराव्या बैठकीला टिपले आणि चिठ्ठ्या कपाटाच्या दाराला आतून टाचणीने लावल्या. केस विंचरताना घोकायचे, दात घासताना घोकायचे. सही आठवत होती. सही आठवूनच घोकत होते.

तेराव्या बैठकीला पहिली यादी पुन्हा आली. मी शब्द ऐकलेसुद्धा नाहीत. डोळे मिटून बसले आणि शेवटी पाढा म्हणावा तसे पंधराच्या पंधरा शब्द म्हटले, ओळीने, न अडखळता. डोळे उघडले तर मोजणीवाल्यांचं पेन थांबलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पट्टा सोडायला सांगितला आणि मला शेजारच्या खोलीत नेलं.

"मी आज कात्री वाचली नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी कागद माझ्यापुढे सरळ ठेवला. कात्रीच्या जागी सुई होती. साबणाच्या जागी टॉवेल, पत्राच्या जागी नकाशा. तिसऱ्या फेरीत ते प्रत्येक यादीतले तीन शब्द बदलतात. कोणी घोकून येत असेल तर कळावं म्हणून. पण आजवर एकाही जोडीत असं झालं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. लोक घरी जाऊन विसरतात.

मी थाप मारून बघितली. म्हटलं, आमच्या दुकानात कात्री समोरच असते, तोंडात बसलीय. त्यांनी कागदावरच्या टॉवेलवर बोट ठेवलं. मी म्हटलं, साबणही असतो. बोट नकाशावर सरकलं. पत्राला काही कारण सुचेना, तेव्हा मी खाली बघून सगळं सांगितलं. कपाट, चिठ्ठ्या, उलटी फाइल. तेरा आणि बारासुद्धा.

त्या रागावल्या नाहीत, हे फार वाईट झालं. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी फक्त सांगितलं की माझे सगळे आकडे काढून टाकावे लागतील आणि मग जोडी नऊ बंद करावी लागेल.

"माझं बंद करा. तिचं कशाला?"

"जोडी आहे ना," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी मूग गिळून बसले. धाकटीला म्हटलं, मशीन दुरुस्तीला गेलंय. तिने विश्वास ठेवला. तिने कॅलेंडरवर पुढच्या बैठकांच्या तारखांना गोल केलेले होते, त्यातल्या पुढच्या तारखेला ती हाताने चाचपून बघत होती. शेजारच्या बाईंचे केस तिने घरीच कापून दिले, मग आईचे कापले, आणि चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मला आरशापुढे बसवलं. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, मानेवर हात ठेवला. तोच हात. तीन वर्षांनी. मी सैल पडले आणि तोंडातून निघून गेलं.

"आपली जोडी बंद झाली. माझ्यामुळे."

कात्री थांबली. मी आरशात न बघता सगळं सांगितलं. मग तिने विचारलं ते भलतंच.

"माझे किती येत होते?"

"तेरा."

"आणि तुझे? खरे?"

"बारा."

तेव्हा मी वर बघितलं. आरशात तिचा चेहरा असा फुलला होता, की लग्नातसुद्धा फुलला नव्हता. "मी तुझ्यापुढे गेले होते?" ती म्हणाली. "मी? तुझ्यापुढे?" आणि मला पहिल्यांदा कळलं की या घरात जळणारी मी एकटी नव्हते. पाढे, कविता, दूरच्या नातेवाइकांची नावं, सगळीकडे "ताईला विचारा, तिला येईल," हे ऐकत ती मोठी झालेली होती.

मग तो चेहरा मिटला. "आणि ते तुला बघवलं नाही," ती म्हणाली. तिने कात्री मेजावर ठेवली, खिडकीच्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. माझे उजवीकडचे केस कानापर्यंत आले होते, डावीकडचे खांद्यावर होते.

ती सोमवारी उठली नाही. मंगळवारी उठली नाही. आईने मला विचारलं, काय बोललीस तिला? मी सांगितलं. आईने फक्त दोन कप चहा केला आणि एक तिच्या खोलीत घेऊन गेली. मी डोक्याला रुमाल बांधून दुकानात जात होते. तो एकदा घसरला तेव्हा मालक म्हणाले, पावती अर्धी फाटली वाटतं. एरवी मी त्यांना सुनावलं असतं. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. धाकटीसाठी रडले म्हणावं, तर अर्धं माझ्याचसाठी होतं. माझी एकुलती एक वस्तू वापरून मी माझ्या बहिणीची सकाळ काढून घेतली होती.

बुधवारी दुकानातून सुट्टी घेतली आणि मागच्या इमारतीत गेले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरून नेहमीप्रमाणे उलट्या दिशेला गेले, तिथून परत आले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि खुर्ची दिली. मी हात जोडले नाहीत, पण आवाज जोडलेल्या हातांसारखाच होता. म्हटलं, मला काहीही करा, तिला परत घ्या.

त्यांनी दोन दिवस मागितले, त्यांच्या समितीला विचारलं, आणि शुक्रवारी दुकानाच्या फोनवर फोन केला. पहिल्या संशोधनात आम्हाला जागा नव्हती, ते दार बंद. पण त्यांचं दुसरं एक सुरू होत होतं, तेही जोड्यांचंच, तेवढ्याच बैठकांचं. त्यात शब्द नव्हते. पुठ्ठ्यावर काढलेल्या बारा खोल्यांच्या घरात बारा लाकडी वस्तू मांडून दाखवायच्या, उचलून घ्यायच्या, आणि नंतर ज्या त्या जागी पुन्हा ठेवायला लावायच्या. सगळं नव्याने, आणि माझ्याकडून सगळं खरं. मी उलट दिशेला गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांनी विचारलं की जमेल का तुम्हाला.

"जमणार नाही," मी म्हटलं. "पण येईन."

त्या संध्याकाळी मी धाकटीच्या दाराशी उभी राहिले. आत दिवा नव्हता. मी नव्या संशोधनाचं सांगितलं. म्हटलं, सोमवारी बोलावलंय. म्हटलं, शब्द नाहीत, जागा लक्षात ठेवायच्या आहेत. पलंग कुरकुरला नाही.

"मी सपशेल हरणार आहे," मी म्हणाले. "बघायला तरी ये."

मग आतून आवाज आला, "किती वाजता?"

सोमवारी सकाळी तिने मला एक शब्द न बोलता आरशापुढे बसवलं आणि डावीकडचे केस कापून उजवीकडच्यांच्या बरोबरीला आणले.

हरणं म्हणजे काय ते मला त्या महिन्यात कळलं. या वेळी आधी माझी बैठक आणि मग तिची, आणि वाट बघणारीने भिंतीकडच्या खुर्चीत बसलं तरी चालायचं. बारापैकी मी चार वस्तू जागेवर ठेवायचे. कधी तीन. किटली कुठल्या खोलीत होती? मला किटलीचा रंग आठवायचा, तिच्या झाकणाचा टवका आठवायचा, खोली आठवायची नाही. मग धाकटी बसायची. सात. आठ. नऊ. लाकडाचा बूट उचलायची आणि घरच्यासारखा नेऊन ठेवायची. मोजणीवाले कौतुकाने मान हलवायचे. परत येताना मी तोंड शिवल्यासारखी बसायचे. एकीकडे मनात म्हणायचे, ही उठतेय, ही खातेय, पार्लरवाल्या बाईंनी शनिवारपासून येतेस का म्हणून विचारलंय, आणखी काय पाहिजे तुला? आणि दुसरीकडे नुसती आग. आई शेजारच्या बाईंना सांगायची, आमच्या धाकटीची बुद्धीच वेगळी. मोठीच्या बुद्धीने आजवर घर चाललं होतं ते गेलं कुठे, असं कोणी विचारत नव्हतं.

नवव्या बैठकीला माझे चार आले. भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. धाकटीने मांडायला सुरुवात केली, आणि तिचेही चार आले.

चार आणि चार. खरं सांगते, मला आनंद झाला. एवढा झाला की मी लिफ्टपाशी तिला विचारलं, चहा घ्यायचा का? ती हसली आणि म्हणाली, "बघ, आज बरोबरी झाली." ती ते फार पटकन म्हणाली. आणि मग मला आठवलं, कारण आठवणं हे माझं काम आहे. कंदील उचलल्यावर तिचा हात आधी जिन्याखालच्या खोलीकडे गेला होता. कंदील तिथेच होता, एवढं मलासुद्धा माहीत होतं. तिथून तो हात वळला आणि माडीवर गेला. बुटाचंही तसंच. किटलीचंही तसंच.

गप्प बसावं असं वाटलं. चहा प्यावा, घरी जावं, एक दिवस तरी हिच्या बरोबरीने झोपावं. माझ्याशिवाय कोणाला कळलं नव्हतं.

"तू मुद्दाम चुकलीस," मी म्हणाले.

तिने आधी कानांवर हात ठेवले. मग खाली बघून म्हणाली, "तुझं तोंड बघवत नाही गं ताई. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाहीस. म्हटलं, मी जरा मागे राहिले तर काय बिघडलं?"

"जळायची मला सवय आहे," मी म्हणाले. "तू जन्मल्यापासूनची. त्याने मी काही मरत नाही. पण तू हरायची सवय लावून घेऊ नकोस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन खोलीकडे निघाले. चार पावलं गेल्यावर तिने हलकेच मला उलट दिशेला वळवलं. डॉक्टरीणबाई फाइल बंद करत होत्या. मी सांगितलं, हिचा आजचा आकडा खोटा आहे. धाकटीने मान हलवली. मला वाटलं, आता हीही जोडी जाते की काय. पण त्यांनी त्या दिवसाची बैठक रद्द केली, कागदावर कारण लिहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं, आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या की अशी जोडी त्यांना अजून भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझे तीन आले. धाकटीने कंदील जिन्याखाली ठेवला, बूट दारापाशी, किटली जिथली तिथे. अकरा. मोजणीवाल्यांनी तर चक्क टाळी वाजवली, मग डॉक्टरीणबाईंकडे बघून हात मागे घेतले.

आम्ही लिफ्टपाशी येऊन उभ्या राहिलो. तीन आणि अकरा, आणि धाकटी माझ्याकडे बघायला भीत होती. लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभी होती.

"भितेस काय," मी म्हटलं. "बघ माझ्याकडे. अशी दिसते मी जळताना."

तिने बघितलं. आणि मग कार्टी जी हसायला लागली, ती घरी पोचेपर्यंत हसतच होती.